दुबईला नातेवाइकांकडे उतरताना: कोकणातून निघणाऱ्यांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आखातात जाणाऱ्याचा पहिला पत्ता बहुधा मामाचा, चुलतभावाचा नाहीतर वाडीतल्या कुणाचा तरी असतो. हॉटेलचा खर्च वाचतो हे खरं, पण तिथलं घर म्हणजे बहुतेकदा हॉल आणि एक खोली. त्यात मुलांची शाळा, दोघांच्या नोकऱ्या. म्हणून तयारी बॅगेपासून नाही, फोनपासून सुरू करा.

१. निघायची तारीख आधी सांगा

"बघू, नोकरी लागेपर्यंत" हे वाक्य टाळा. सरळ बोला: "मामा, मी २० तारखेला येतोय, पुढच्या महिन्याच्या १५ला परतीचं तिकीट आहे." हाच फोन मामीलाही वेगळा करा, कारण वाढीव स्वयंपाक तिच्यावर पडणार. "पैसे किती देऊ?" असं विचारलंत तर "काही नको" हेच उत्तर येईल. त्यापेक्षा एक खर्च ठरवून उचला: आठवड्याची मासळी-भाजी माझी, म्हणजे माझी. उन्हाळ्यात एसी दिवसरात्र चालतो, तेव्हा वीजबिलातही वाटा द्या.

२. कागद

व्हिजिट व्हिसा साधारण ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो. त्यावर मुलाखती देता येतात, काम करता येत नाही. एक दिवसही नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. सोबत परतीचं तिकीट, यजमानाच्या एमिरेट्स आयडीची (तिथल्या ओळखपत्राची) आणि भाडेकराराची प्रत ठेवा. त्यांचा पत्ता आणि नंबर कागदावरही लिहून घ्या; ऐन काउंटरवर मोबाइल मान टाकतो.

दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट बहुधा 'ईसीआर' (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागणारा) असतो. अशांना नोकरीसाठी अमिरातीत जायचं तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून परवानगी लागते. "व्हिजिटवर जा, तिकडे बदलून देतो" म्हणणाऱ्या एजंटापासून चार हात लांब राहा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं.

३. बॅग: खरी अडचण इथेच

खसखस अमिरातीत अमली पदार्थांच्या यादीत येते. पुडी नेऊ नये हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण मालवणी मसाल्यात, करंजीच्या सारणात, अनारशावर आणि डिंकाच्या लाडवातही ती असते, आणि आई हे सगळं प्रेमाने भरून देते. मसाला डंकावर कुटून घेणार असाल तर खसखस वगळून वेगळा कुटून घ्या. घरच्या बरणीतला उचलू नका. खायचं पान आणि गुटखाही नको.

सुकं खोबरं विमानात चालत नाही, चेक-इन बॅगेतही नाही. त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. खोबऱ्याच्या वाट्या तपासणीत काढून घेतात, म्हणून वाटप तिथल्या नारळाचं करा.

सोडे-सुकट न्यायची तर आधी विचारा. वास ओलाव्याने सुटतो, म्हणून निघण्यापूर्वी एक दिवस कडक उन्हात परत वाळवा, गार झाल्यावरच पिशवीत भरा, वर आणखी दोन पिशव्या आणि शेवटी घट्ट झाकणाचा डबा. तिथे भाजताना मात्र जपून. एसीच्या बंद घरात तो वास दोन दिवस फिरत राहतो.

आगळाची बाटली गळ्यापर्यंत भरू नका. झाकणाला टेप लावून ती चेक-इनमध्येच टाका, कारण हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही. लोणच्यालाही हाच नियम. हापूस न्यायचा तर पिकायला दोनेक दिवस बाकी असलेला घ्या. मध्यम फळाची डझनाची पेटी तीन किलोंच्या आसपास भरते, तेव्हा तिकिटावरचं वजन आधी बघा. पेंढ्याऐवजी कागदाचे कपटे घाला.

झोपेची, फिटची किंवा जोरकस वेदनाशामक गोळी चालू असेल तर तिला आगाऊ परवानगी लागते का, हे अमिरातीच्या आरोग्य खात्याच्या साइटवर पाहा. डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ पाकीट जवळ हवंच.

४. प्रवास

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात आणि दरड आली तर थांबतात. जून ते ऑक्टोबरमध्ये मुंबईहून विमान असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. सावंतवाडी-कुडाळकरांनी आधी गोव्यातल्या मोपा विमानतळाहून थेट विमान आहे का ते पाहावं.

पोहोचायला शुक्रवार रात्र किंवा शनिवार बरा. २०२२ पासून तिथे सुट्टी शनिवार-रविवार असते, शुक्रवारी अर्धा दिवस काम. त्यामुळे घ्यायला यायला कुणीतरी मोकळं सापडतं.

५. पहिले दोन दिवस

तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल सहसा लागत नाहीत. म्हणून आईच्या फोनवर बोटिम हे कॉलचं ॲप निघण्याआधीच टाकून, एकदा लावून बघा. नाहीतर "पोहोचला की नाही" या काळजीत घर रात्रभर जागं. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे आहेत, ॲडॉप्टर लागेल. मेट्रो-बससाठी नोल कार्ड घ्या आणि दर वेळी गाडीने सोडायला लावू नका. मेट्रोत खाल्लं-प्यालं तर १०० दिरहॅम दंड.

घरात बाथरूम एकच असेल तर शाळेच्या वेळेआधी आटपा, किंवा सगळे गेल्यावर.

६. मुक्काम हलवताना

नोकरी लागली की वेगळी जागा बघा; नव्या माणसाला बहुधा बेड स्पेसच, म्हणजे सामायिक खोलीतली एक खाट, परवडते. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा. दुबईत घरात राहणाऱ्यांची नावं दुबई रेस्ट ॲपवर नोंदवायची असतात; "नाव नको, असेच राहा" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, तपासणी आली की आधी तुम्हीच बाहेर. आणि डिपॉझिटची पावती लेखी घ्या.

नोकरी नाही लागली तर व्हिसा संपण्याच्या आठवडाभर आधी परत फिरा किंवा मुदत वाढवा. मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिरहॅम दंड चढतो, आणि यजमानानेच व्हिसा काढून दिला असेल तर त्यालाही त्याचा त्रास होतो.