तिओंग बाहरूमध्ये न्याहारी करायची असेल तर

सिंगापूरच्या तिओंग बाहरू वस्तीत खाण्यासाठी सकाळीच जावे, कारण तेथील मंडईच्या वरच्या मजल्यावरील बरेच गाळे दुपारीच आवरतात. येथील च्वी कुए आवर्जून खावे; वाटीएवढ्या साच्यात वाफवलेल्या तांदळाच्या मऊ वड्यांवर खारवलेल्या मुळ्याचा तेलात परतलेला बारीक कीस घालतात आणि तिखट चटणी सोबत देतात, मात्र शाकाहारी मंडळींनी त्यात चरबी किंवा सुकी कोळंबी नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. नुसती ‘कोपी’ मागितल्यास आटवलेल्या गोड दुधाची कॉफी मिळते, तर बिनदुधाची व बिनसाखरेची हवी असल्यास ‘कोपी ओ कोसोंग’ म्हणावे. टेबलावर ठेवलेले कागदी रुमालांचे पाकीट म्हणजे जागा राखलेली असल्याची खूण असते. खाऊन झाल्यावर ताटे स्वतः नेऊन ठेवणे 2021 पासून बंधनकारक आहे.