युरोपातली छोटी बास्केटबॉल लीग घरबसल्या फॉलो कशी करायची

अमेरिकेतली एनबीए बघायची तर सकाळी ऑफिसची धावपळ चालू असताना बघावी लागते, त्यापेक्षा युरोपातली छोटी लीग बरी. लाटविया किंवा लिथुआनियात संध्याकाळी सातला सुरू होणारी मॅच थंडीच्या दिवसांत आपल्याकडे रात्री साडेदहाला लागते, पोलंडात असेल तर साडेअकराला. जेवण-बिवण उरकून निवांत बसता येतं.

मी ज्या लीगबद्दल बोलतोय ती युरोपियन नॉर्थ बास्केटबॉल लीग, शॉर्टमध्ये ईएनबीएल, २०२१ ला सुरू झाली. वरती युरोलीग आणि युरोकप, मग फिबाची (म्हणजे बास्केटबॉलची जागतिक संघटना) चॅम्पियन्स लीग आणि युरोप कप, आणि या सगळ्यात ज्यांना जागा मिळत नाही किंवा खर्च झेपत नाही अशा क्लबांनी करायचं काय, तर आसपासच्या देशांनी मिळून आपलीच एक लीग काढायची. याआधी २००४ ते २०१८ बाल्टिक देशांची (लाटविया, लिथुआनिया, एस्टोनिया) बाल्टिक लीग होतीच, तिची पहिली ट्रॉफी लिथुआनियातल्या कौनासच्या झाल्गिरिस क्लबने नेली, पण असे मोठे क्लब पुढे वरच्या स्पर्धांत गुंतले. ईएनबीएलमध्ये बाल्टिक देश आणि पोलंडचे क्लब, नंतर इंग्लंडचा ब्रिस्टल आला, रोमानियाचेही आले (रोमानिया नॉर्थमध्ये कधीपासून हे मला विचारू नका).

तर पहिली गोष्ट, सगळी लीग फॉलो करायला जाऊ नका, एक क्लब धरा. मी म्हणेन लिथुआनियाचा श्यौल्याय धरा, कारण अख्ख्या देशाची लोकसंख्या पुण्यापेक्षा कमी आणि तरी १९९२, ९६ आणि २००० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक ब्राँझ, तिथे बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. क्लबच धरा, खेळाडू नको. एखादा अमेरिकन पोरगा आवडायला लागतो आणि जानेवारीत बघावं तर तो दुसऱ्याच देशात खेळतोय. आणि नावांनी गोंधळू नका, स्पॉन्सर बदलला की क्लबचं नाव बदलतं, म्हणून शहराचं नाव लक्षात ठेवायचं. पोलंडातल्या अन्विल व्वोत्सवावेकमधलं अन्विल म्हणजे खत बनवणारी कंपनी आहे, मी किती दिवस कुणा योद्ध्याचं नाव समजत होतो.

मॅच कुठे बघायची, तर आधी लीगचं आणि क्लबचं यूट्यूब चॅनल चेक करा, नाहीच मिळाली तर फिबाचं लाइव्ह स्टॅट्स उघडून ठेवा, आकडे पळताना बघायलाही मजा येते, सवय लागायला चार मॅच जातात फक्त.

नियम एनबीएपेक्षा वेगळे, क्वार्टर १२ नाही १० मिनिटांचा, सहा नाही पाच फाउलला बाहेर, थ्री पॉइंट लाइन (जिच्या बाहेरून बास्केट केली की तीन पॉइंट) ६.७५ मीटरवर, आणि बॉल रिंगला लागला की तो कुणीही उडवू शकतो. टाइमआउट फक्त कोचच्या बाजूने मागता येतो, खेळाडूला मागता येत नाही. एवढं पुरे.

पण खरी गंमत पॉइंटटेबलात आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय बघू नका राव. जिंकलं तर २ गुण, हरलं तरी १, आलेच नाहीत तर शून्य. गुण सारखे झाले की आधी त्या टीमांच्या आपसातल्या मॅच बघतात आणि मग किती फरकाने जिंकले ते, म्हणजे १८ ने हरत असलेली टीम शेवटच्या मिनिटाला जीव तोडून खेळते कारण १८ चे १२ झाले तर एप्रिलमध्ये तेच कामाला येतात. अशा स्पर्धांत नॉकआउट बऱ्याचदा दोन मॅचची असते, एक इकडे एक तिकडे, आणि दोन्हींची बेरीज. मग पहिली मॅच बरोबरीत सुटली तर ती तशीच सोडून देतात, ओव्हरटाइम नाही! आणि समजा पहिल्या मॅचमध्ये ११ ने हरलोय तर घरी १२ ने जिंकायला लागतं, म्हणून ९ ने पुढे असलेली टीम वीस सेकंद राहिले असताना स्वतःच मुद्दाम फाउल करते, म्हणजे घड्याळ थांबतं आणि बॉल परत मिळायची संधी येते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं स्कोअरबोर्ड बिघडलाय. म्हणून नॉकआउटला पहिल्या मॅचचा फरक कागदावर लिहून समोर ठेवा, कॉमेंट्री लोकल भाषेत असली तरी काही अडत नाही.

फॉरमॅट मात्र दर सीझनला नव्याने बघा, किती क्लब, किती ग्रुप, किती जण पुढे जाणार, हे बदलत राहतं, मागच्या वर्षीच्या हिशोबावर राहिलात तर फसाल.

आणि घड्याळ! मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात, म्हणजे आपली साडेदहाची मॅच साडेनऊला येते आणि नेमके तेव्हाच नॉकआउटचे दिवस असतात. मी गेल्या खेपेला बरोबर साडेदहाला चहा घेऊन बसलो आणि समोर तिसरा क्वार्टर चालू.