चारशे जीएसएम म्हणजे काय बे?

बीकॉम झाल्यावर निम्मे मित्र हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला गेले आणि मी सोलापुरातच अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅचला लागलो, पगार सांगण्यासारखा नव्हता म्हणून सांगत नाही. नवीन कामाला लागणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय, कारण पहिले सहा महिने मी माझे हाल स्वतःच करून घेतले.

काम काय, तर डझन मोजायचे, वजन करायचं, वहीत लिहायचं, मग टॅलीत चलन. डोक्यात एकच, आपण काय इथले नाही, स्पर्धा परीक्षा निघाली की सुटलो. त्यामुळे कोणी काही सांगायला लागलं की मी मोबाईल काढायचो, चहालाही एकटाच लांब जाऊन उभा. मे महिन्यात पत्र्याखाली पारा चाळीसच्या वर, अंगाला कापसाची तूस चिकटलेली, घड्याळाचा काटा तर हलायचाच नाही. (उकाडा आजही तेवढाच आहे, खोटं कशाला बोलू.)

मग एकदा एका पार्टीचा माल परत आला, हलका आहे म्हणून. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल, ऑर्डर ४०० जीएसएमची. वहीत माझ्याच अक्षरात नगाला ४१० ग्रॅम लिहिलेलं, आणि ते कमी आहे हे मला कळलंच नव्हतं. मालक ओरडले ते ओरडलेच, पण लूमवरचे जॉबर मामा (जॉबर म्हणजे माग जुळवणारा, दुरुस्त करणारा), शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू आणि आमच्याशी सोलापुरी, ते म्हणाले, "काय बे, सहा महिने झालं वजन करायलास, कशाचं करायलास ते तर बघ की."

हिशोब शाळेतलाच निघाला. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. पाऊण मीटर गुणिले दीड मीटर म्हणजे १.१२५, त्याला ४०० ने गुणलं की ४५० ग्रॅम. नगाला ४० ग्रॅम कमी, डझनाला जवळजवळ अर्धा किलो!

मग मामांनी लूमपाशी नेलं. टेरी टॉवेलला, म्हणजे लूपवाल्या टॉवेलला, उभ्या धाग्यांचे दोन बीम (मोठे रूळ) असतात, ग्राउंडचा म्हणजे मूळ कापडाचा ताणून धरलेला आणि पाइलचा म्हणजे लूपचा ढिला. आडवे दोन धागे कापडापासून जरा लांब ठेवतात, तिसऱ्या ठोक्याला तिन्ही एकदम आत ढकलले जातात आणि पाइलचा ढिला धागा लूप होऊन वर येतो. पाइलचा धागा कमी सुटला की लूप बुटके आणि टॉवेल हलका. सहा महिने मी ह्या खडखडाटाला शिव्या देत होतो, आणि तो दोन-एक असा तालात चाललाय हे त्या दिवशी कानाला कळलं.

काम तेच राहिलं. पण आता वजन घेताना डोक्यात आकडा असतो, जुळला नाही तर शिलाईला जायच्या आधीच लॉट बाजूला, आणि मामा मलाच विचारतात आज कितीचं येतंय. दिवस जातो लवकर. तर लागल्यावर पहिल्या महिन्यात चहा कामगारांबरोबर घ्या, रोज एकाला तरी एक प्रश्न विचारा, शिपाई असो नाहीतर पॅकिंगच्या मावशी, आणि खिशात छोटी वही ठेवा.

फक्त एक, ह्याचा अर्थ सगळं हसून सोसायचं असा नाही. "आपलंच घर समजून काम कर" म्हणत कोणी ओव्हरटाइम बुडवायला लागलं तर तोंड उघडून मागायचा, तिथं तुमच्या अॅटिट्यूडचा काही संबंध नाही. परीक्षेचा फॉर्म मीही भरलाच आहे.

गेल्या महिन्यात एक पोरगी नवीन लागली, तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "दादा, प्रत्येक बिलावर हे ६३०२ काय असतं?" टॉवेल, बेडशीट असल्या मालाचा एचएसएन कोड तो, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार ओळखायचा नंबर, सांगितला तिला. मी तो आकडा सहा महिने नुसता टाईप करत होतो.