नव्या विस्ताराआधी वॉरियर शिकताना: रेजचा हिशेब

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ 2004 मध्ये सुरू झाला. मी त्यात वॉरियर (शस्त्राने लढणारा योद्धा) घेऊन उतरलो ते 2009 मध्ये, रॅथ ऑफ द लिच किंग या विस्ताराच्या दिवसांत. तेव्हापासून आठ विस्तार, म्हणजे खेळात मोठी भर घालणाऱ्या आवृत्त्या, माझ्या डोळ्यांदेखत आले आणि प्रत्येकाने माझ्या क्लासमध्ये (पात्राच्या प्रकारात) काही ना काही फेरफार केला. आता 2 मार्च 2026 रोजी मिडनाइट हा नवा विस्तार येतो आहे, लेव्हलची मर्यादा 80 वरून 90 वर जाणार आहे, आणि नव्याने वॉरियर घेतलेले खेळाडू मला एकच प्रश्न विचारतात: सगळे बदलणारच असेल, तर आत्ता शिकून उपयोग काय? उपयोग नक्की आहे, मात्र तो तुम्ही काय शिकता यावर अवलंबून आहे. बटणांचा क्रम पाठ केला, तर ती मेहनत फार तर दोन वर्षे पुरते. रेज (लढताना साठणारी आणि हल्ल्यांसाठी लागणारी शक्ती) कशातून मिळतो, कशावर खर्च होतो आणि केव्हा राखून ठेवायचा, हा हिशेब अंगवळणी पडला, तर तो पुढच्या प्रत्येक विस्तारात कामी येतो.

हे मला ज्या बदलाने शिकवले, तो ऑक्टोबर 2010 मधला, कॅटॅक्लिझम या विस्ताराच्या आधीच्या पॅचमधला (खेळातील सुधारणेतला). तोपर्यंत वॉरियरला मिळणारा रेज त्याने केलेल्या डॅमेजवर, म्हणजे शत्रूला झालेल्या इजेवर, ठरत असे. हातात साधे शस्त्र असलेल्या नवख्याची रेजची पट्टी सदा रिकामी असायची, तर उत्तम गिअर (शस्त्रे-चिलखत) असलेल्याकडे रेज इतका साचायचा की तो कुठे खर्च करावा हाच प्रश्न पडायचा. त्यावर आमचा उपाय म्हणजे हिरोइक स्ट्राइक. हे बटण दाबले की शस्त्राचा पुढचा साधा वार जोरकस बसत असे, म्हणून आम्ही ते जवळजवळ प्रत्येक वाराआधी दाबत असू. नव्या पॅचने रेज मिळण्याची पद्धत समान पातळीवर आणली, आणि हिरोइक स्ट्राइक तत्काळ बसणारा, तीन सेकंदांचा कूलडाउन (पुन्हा वापरण्याआधीची सक्तीची वाट) असलेला स्वतंत्र हल्ला झाला.

त्या संध्याकाळी मी सरावाच्या डमीसमोर उभा राहिलो. ते बटण मोकळे होताच बोट सवयीने त्यावर पडत होते, रेज तिथेच संपत होता, आणि ब्लडथर्स्ट या दुसऱ्या हल्ल्याचे चिन्ह उजळे तेव्हा ते दाबायला पट्टीत काहीच उरत नव्हते. दोन दिवसांनी रेडमध्येही (मोठ्या गटाने करायच्या लढाईतही) नेमके हेच झाले. छोट्या शत्रूंची लाट आली, सगळ्यांनी एकदम जोर लावायचा होता, आणि मी रिकाम्या पट्टीने नुसते साधे वार करत उभा होतो. बदलांची यादी मी आधी वाचली होती, परंतु ती वाचताना माझे लक्ष कोणत्या हल्ल्याचे डॅमेज किती टक्क्यांनी वाढले एवढ्यावरच होते.

याच ब्लडथर्स्टची पुढची गोष्ट नवख्यांनी आवर्जून ध्यानात घ्यावी. 2010 मध्ये ते रेज खर्च करणारे बटण होते, तर 2012 मध्ये मिस्ट्स ऑफ पँडेरियाच्या वेळी तेच बटण रेज देणारे झाले. नाव तेच आणि चिन्ह तेच होते, माझ्या कीबोर्डवरची जागासुद्धा तीच होती, पण त्याचे काम पूर्ण उलटले. ज्यांनी केवळ जागा लक्षात ठेवली होती, ते कितीतरी दिवस भरल्या पट्टीवर ब्लडथर्स्ट मारून मिळणारा रेज वाया घालवत राहिले.

म्हणून बदलांची यादी हाती आली की मी ती एका ठरावीक क्रमाने वाचतो. प्रथम रेज देणारी आणि रेज खाणारी बटणे शोधतो आणि त्यांतले एखादे या बाजूचे त्या बाजूला गेले आहे का, ते पाहतो. मग काय काढून टाकले आहे ते बघतो, कारण नव्या बटणाची जाहिरात मोठी होते, गेलेल्याचा उल्लेख मात्र एका ओळीत असतो. 2016 मध्ये लीजनच्या वेळी वॉरियरचे जुने स्टान्स (लढण्याचे पवित्रे) असेच गेले. कधीकाळी व्हर्लविंड या हल्ल्यासाठी बर्सर्कर स्टान्समध्ये आणि ओव्हरपॉवरसाठी बॅटल स्टान्समध्ये जावे लागे, आणि जाताना साठवलेला रेज गमवावा लागे, त्यामुळे स्टान्स केव्हा बदलायचा हे कसबाचे काम होते. ते कसब एका पॅचमध्ये निरुपयोगी झाले याचे मला मनापासून वाईट वाटले. 2022 मध्ये ड्रॅगनफ्लाइटने स्टान्स परत आणले, पण आता ते बहुतांशी एकदा लावून ठेवायचे असतात आणि जुनी कसरत काही परतली नाही. टक्केवारी मी सगळ्यात शेवटी वाचतो. बीटा, म्हणजे प्रकाशनाआधीची चाचणी, चालू असेपर्यंत आकडे सारखे वरखाली होत राहतात आणि विस्तार सुरू झाल्यावरही आठवड्या-आठवड्याला सुधारले जातात.

आता प्रत्यक्ष हिशेब कसा मांडायचा, ते फ्युरी या स्पेकच्या (वॉरियरच्या एका शाखेच्या) उदाहरणाने सांगतो. द वॉर विदिन या विस्तारात रँपेज या हल्ल्याला 80 रेज लागतो आणि त्याने एन्रेज हा तात्पुरता प्रभाव हमखास मिळतो. एन्रेज चालू असताना डॅमेज वाढते, मात्र तो मूळ चार सेकंदच टिकतो. रेज 80 झाला रे झाला की रँपेज मारणे हा नवख्याचा स्वाभाविक कल असतो. पण एन्रेजचे तीन सेकंद शिल्लक असतील आणि पट्टीत जागा असेल, तर आधी ब्लडथर्स्ट किंवा रेजिंग ब्लो मारून, एन्रेज संपता संपता रँपेज वापरणे अधिक फायद्याचे ठरते. उलट पट्टी भरत आली असेल तर थांबू नये, कारण ओसंडून गेलेला रेज परत मिळत नाही. उद्या या 80 चे 90 झाले किंवा चार सेकंदांचे पाच झाले, तरी विचार करण्याची ही रीत तशीच लागू पडेल.

मेली, म्हणजे जवळून लढणाऱ्या, क्लासला आणखी एक हिशेब सांभाळावा लागतो, तो अंतराचा. शत्रूपासून दूर गेलेला वॉरियर वारही करू शकत नाही आणि त्या वारांतून मिळणारा रेजही गमावतो, म्हणजे एका चुकीचा दंड दोनदा भरतो. चार्ज, म्हणजे शत्रूवर धावून जाण्याचे बटण, साधारणपणे 8 ते 25 यार्डांच्या अंतरातच चालते, तेव्हा ते लढाईच्या आरंभीच उडवून टाकण्याऐवजी बॉस (लढाईतला मुख्य शत्रू) जागा बदलणार असेल त्या क्षणासाठी ठेवणे बऱ्याचदा शहाणपणाचे असते. बॉसच्या पाठीमागे उभे राहावे, कारण समोरून केलेले वार तो अडवू शकतो. 2024 मध्ये आलेल्या हीरो टॅलेंट या जादा कौशल्यांमधून कोलॉसस निवडणाऱ्याने तर बॉस केव्हा सरकतो याचे भान विशेष ठेवावे. त्याचा डिमॉलिश हा हल्ला क्षणभर एका जागी रोवून मारायचा असतो, आणि बॉस सरकायच्या बेतात असताना तो सुरू केला तर सर्वांत मोठा घाव हवेत जातो.

मिडनाइटमधला मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटणारा बदल वॉरियरच्या यादीत नाहीच. लढाईतील माहिती वाचून खेळाडूला सूचना देणाऱ्या ॲडऑनवर (खेळाला बाहेरून जोडायच्या प्रोग्रामवर) या विस्तारात कडक मर्यादा येत आहेत. माझ्यासारखे अनेक जण एन्रेजचे उरलेले सेकंद ॲडऑनच्या मोठ्या आकड्यात पाहत आले आहेत. म्हणून खेळातच 2025 मध्ये आलेला, अशी माहिती दाखवणारा कूलडाउन मॅनेजर आजच सुरू करावा आणि नजरेला त्याची सवय लावावी. पुढचे बटण उजळून दाखवणारी मदतही आता खेळातच आहे. ती पहिले काही दिवस जरूर वापरावी, मात्र प्रत्येक वेळी हेच बटण का उजळले, हा प्रश्न स्वतःला विचारावा. एकच बटण दाबून सगळे हल्ले करवणारी सोय मात्र प्रत्येक हल्ल्यामागे वेळेचा दंड लावते, आणि तिच्यातून रेजचा हिशेब शिकता येत नाही, म्हणून शिकू इच्छिणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये.

बीटातील बातम्या वाचून क्लास बदलण्याची घाईही करू नये. 2016 मध्ये हंटर या क्लासची सर्व्हायव्हल स्पेक दुरून लढणे सोडून मेली झाली, आणि आता डीमन हंटर या क्लासला मिळणारी डिव्हाउरर ही तिसरी स्पेक उलट काही अंतरावरून लढते. एवढे मोठे बदल आवडतात की नाही, हे स्वतः खेळूनच कळते.

विस्ताराच्या काही आठवडे आधी येणारा पॅच हाच शिकण्याचा खरा काळ असतो, कारण क्लासमधले बहुतेक बदल त्याच्यासोबत येतात आणि त्या वेळी मागे पडण्याची भीती नसते. त्या दिवशी मी आधीची सगळी बटणे पडद्यावरच्या बटणपट्टीवरून काढून टाकतो. डमीसमोर पहिली पाच मिनिटे केवळ रेज देणारी बटणे वापरतो आणि रेजची पट्टी किती वेळात भरते ते पाहतो. मग खर्चाचे एक बटण जोडतो, पुन्हा पाच मिनिटे मारतो, आणि रेज नेमका कोणत्या जागी ओसंडतो किंवा कमी पडतो ते कागदावर टिपतो. मोठ्या कूलडाउनची बटणे मी दुसऱ्या दिवशी बटणपट्टीवर आणतो.