झोपलेलं यंत्र किती खातं?

माझा तापमानाचा सेन्सर हिशेबानं काही वर्षं चालायला हवा होता. एकविसाव्या दिवशीच तो गप्प झाला. सेल २५०० मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे सरासरी ५ मिलिअँपिअर जात होते. कोड यंत्राला वेळेवर झोपवत होता, म्हणजे दोन मोजण्यांच्या मधे जवळजवळ बंद ठेवत होता. जागा होता तो बोर्डावरचा लिनियर रेग्युलेटर, म्हणजे सेलचं व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा भाग. पण हे कळायला दोन संध्याकाळी गेल्या, कारण मोजणारा मीटरच गडबड करत होता.

मीटर सेलच्या प्लस वायरमध्ये सिरीजमध्ये लावायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. मीटरच्या आतला शंट, म्हणजे करंट ज्याच्यावर मोजला जातो तो रेझिस्टर, मात्र कुणी लक्षात घेत नाही. मायक्रोअँपिअरच्या रेंजला तो बऱ्याच मीटरमध्ये १०० ओहमच्या आसपास असतो. यंत्र उठून ८० मिलिअँपिअर मागायला लागलं, की शंटवर ८ व्होल्ट पडायला हवेत. सेल तर ३.७ चा! यंत्र रिसेट होतं, पुन्हा उठायला बघतं, पुन्हा रिसेट.

म्हणून मीटरच्या दोन्ही टोकांना जोडणारी एक आखूड वायर आधी लावा. यंत्र सुरू करा, झोपू द्या, मग ती वायर काढून आकडा वाचा. पुढच्या वेळी उठायच्या आत वायर परत जागेवर. रेंज बदलायची तीही वायर लावूनच, नाहीतर नॉब फिरवताना सर्किट तुटतं. आणि प्रोग्रामरची (यंत्रात कोड भरायच्या उपकरणाची) केबल काढून ठेवा. तिच्या डेटा लाइनमधूनही करंट आत-बाहेर होतो. केबल लावून आलेल्या आकड्याला मी तासभर खरा मानत होतो.

जागेपणाचा करंट मीटरवर बघू नका, तो सरासरी दाखवतो किंवा नुसता नाचतो. मायनस वायरमध्ये १ ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्यावर ऑसिलोस्कोप (व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं ते पडद्यावर दाखवणारं उपकरण) लावा: १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप सेलच्या बाजूला. यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलं नको, नाहीतर ऑसिलोस्कोप आणि कॉम्प्युटर यांच्या अर्थिंगमधून रेझिस्टर शॉर्ट होतो.

रेग्युलेटर बदलल्यावर माझे आकडे: झोपेत १० मायक्रोअँपिअर, जागेपणी ८० मिलिअँपिअर, ०.१ सेकंद, दर १० मिनिटांनी. ८० × ०.१ ÷ ६०० म्हणजे सरासरी १३ मायक्रोअँपिअर. उठण्याचा खर्च झोपेपेक्षा जास्त निघाला. त्यामुळे झोपेचा करंट आणखी खाली ओढायचा नाद सोडला आणि सेन्सर आता वीस मिनिटांनी उठतो.