घेर चेपलेला छर्रा

पुण्यातल्या बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर दोन आठवडे माझं एअर पिस्तूल मला छळत होतं. 10 मीटरवर नऊ-दहा गुण लागता लागता मधूनच एक छर्रा सातात. मनगट, श्वास, सगळ्यांना दोष देऊन झाला. ट्रिगर तोलून पाहिला, 500 ग्रॅमचं वजन न सुटता व्यवस्थित उचलत होता. नळी साफ केली. फरक शून्य.

मग छर्र्यांची डबीच पांढऱ्या कागदावर ओतली. 4.5 मिलिमीटरचे मऊ शिशाचे छर्रे. काहींचा मागचा पातळ घेर नखाने दाबल्यासारखा चेपलेला. तिथूनच हवा निसटते नि छर्रा भरकटतो. डबी रोज स्कूटरच्या डिकीत, खड्ड्यांतून आदळत होती! आता झाकणाखाली फोम घालतो, डबी सॅकमध्ये नेतो, प्रत्येक छर्रा उजेडात फिरवून बघूनच भरतो. काल 60 शॉटमध्ये आठाखाली एकही नाही.