झाडीपट्टीसाठी खुनाचं रहस्यनाटक लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू होतो. झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने रात्र-रात्र नाटकं चालतात. नवे लेखक हल्ली रहस्यनाटक घेऊन येतात: देवळात खून, संशयित सगळे भाविक, जोडीला विनोद आणि शेवटी माफी. विषय जोरदार आहे, पण ठरावीक जागी अडतो.

सगळ्यात आधी फसतो तो पुरावा. माझ्या पहिल्या संहितेत मेलेल्या पुजाऱ्याच्या मुठीत खुन्याचा तावीज सापडत होता. पुढच्या दोन-तीन रांगांना तो दिसला. मागे सतरंजीवर शाल पांघरून बसलेल्यांना फक्त नटाची पाठ दिसली. पहाटे नाटक सुटल्यावर लोक विचारत होते, "भाऊ, त्याले पकडलं कशावरून?" तेव्हा कळलं, एवढ्या मोठ्या मांडवात पुरावा कानाला कळला पाहिजे.

मी तावीज काढला आणि देवळाची घंटा आणली. पहिल्याच प्रवेशात एक म्हातारा दोरी ओढतो, घंटा वाजत नाही. "माहे कान पुरतेच गेले वाटते गा!" म्हणतो. मांडव हसतो आणि विसरतो. खरं तर घंटेचा लोलकच कोणीतरी काढून नेलेला आहे, आणि पुजाऱ्याच्या डोक्यात घाव पडला तो त्याच लोलकाचा. शेवटच्या अंकात म्हातारा पुन्हा दोरीला हात घालतो तेव्हा कोणी हसत नाही. मधल्या वेळात लोक चहाला उठतात, बाया पोरं झोपवतात. म्हणून दोरी मधल्या अंकातही एकदा ओढायलाच हवी.

प्रेतावर विनोद करू नका. समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी घरी त्याच वर्षी माती झालेली असते. ब्लॅक कॉमेडी जिवंत माणसांच्या वागण्यात शोधा: तिरडीचा बांबू कोणाच्या बेटातला आणायचा यावरून जुंपलेले दोन जावई, तेरवीच्या पंगतीत आपलं पान पुढे सरकवणारा मामा. अशी माणसं प्रत्येक गावात असतात, लोक त्यांना ओळखून हसतात.

प्रत्येक बुवा भोंदू आणि प्रत्येक भक्त बावळट, हीसुद्धा चूकच. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही कीर्तन, भजन, यात्रा यांना हात लावलेला नाही. श्रद्धाळू माणसालाच शहाणं करा. गाडगेबाबा आपल्या अमरावतीकडचे. कीर्तनात ते समोरच्यांना साधे साधे प्रश्न विचारत आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून काढत. तुमचा तपास करणारा माणूस असा असू शकतो. त्याला शहरातून आणायची गरज नाही.

कायद्याच्या दोन चुका तर फार दिसतात. गोष्ट 1 जुलै 2024 नंतर घडत असेल तर खुनाचं कलम 302 नाही, भारतीय न्याय संहितेचं 103 आहे. दुसरं, खुन्याने ठाणेदारासमोर रडत कबुली दिली की लेखक पडदा पाडतो. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. मात्र आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. म्हणून आमच्या नाटकात तो पोलिसांना तळ्यावर नेतो आणि चिखलातून लोलक निघतो.

आता माफी. इथे मी जास्त थांबणार, कारण इथेच नाटक खोटं पडतं. पुजाऱ्याची बायको एक लांब भाषण देते, ऑर्गन वाजतो आणि तिने माफ केलेलं असतं. अशा प्रयोगानंतर एक बाई मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, इतक्या लवकर माफी? माह्या भावाच्या भांडनाले अठरा वर्सं झाली, अजून त्याच्या घरचं पानी पेत नाही मी." मी तो प्रवेश फाडला.

खुनाचा गुन्हा आपसात मिटत नाही. बायकोने माफ केलं तरी खटला चालणारच, त्यामुळे माफीने खुनी सुटतो असं कधी दाखवू नका. पण तुरुंगाबाहेर त्याची आई उरते. गावाने तिच्याशी बोलणं टाकलंय. हातपंपावर ती आली की बाया बाजूला होतात. पाण्याने भरलेला गुंड, म्हणजे घडा, डोक्यावर चढवायला दुसरा हात लागतो, तो देणारं कोणी नाही. दोनदा उचलून ती खाली ठेवते. पुजाऱ्याची बायको आपली बादली टेकवते, गुंडाला हात लावते, मध्येच थांबते, आणि मग उचलून देते. एक शब्द बोलत नाही.

या जागी ऑर्गनवाल्याला हात बाजूला ठेवायला सांगा. तालमीत नट्या हा प्रवेश घाईने उरकतात, त्यामुळे गुंड खरंच पाण्याने भरून द्या. वजन असलं की घाई होत नाही.